यंत्राचें थांबणें आणि यंत्राची हांक



कारखान्यांतील वीज म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उंच मनोरे, जाड तारा आणि घरघरणाऱ्या मोटारी उभ्या राहतात. आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें ह्या दर्शनी थाटाविषयीं नव्हे. कोणत्याहि आधुनिक कारखान्यांतील नियंत्रणाचें कपाट उघडून पाहिलें, तर त्यांत पुस्तकाएवढी एक साधी धातूची पेटी आढळते. तिच्यावर एक हिरवा दिवा जळत असतो, आणि त्यापलीकडे तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कारखान्याच्या भाषेंत हिला 'पॉवर सप्लाय' म्हणतात. बाहेरून आलेली २३० व्होल्टांची, उलटसुलट दिशांनीं वाहणारी वीज घ्यावयाची आणि तिचें बहुधा २४ व्होल्टांच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करावयाचें, हें हिचें काम. ही वीज मोठ्या मोटारी फिरविण्यासाठीं नसते. मोटारींनीं केव्हां फिरावें आणि केव्हां थांबावें हें ठरविणारीं जीं नियंत्रक उपकरणें, तीं हिच्यावर चालतात. मोटारी हे कारखान्याचे हातपाय मानले, तर त्याच्या मेंदूला रक्त पुरविण्याचें काम ह्या पेटीकडे असतें.

अशी पेटी दोन तऱ्हांनीं बिघडूं शकते. एक, ती वीज देणें बंद करील. दोन, ती वीज देत राहील, पण चुकीची देईल. आपणांस पहिली तऱ्हा अधिक भयंकर वाटते. यंत्रज्ञांना दुसरीची धास्ती अधिक असते. म्हणून ह्या पेट्यांत दोन निरनिराळ्या सोयी केलेल्या असतात. धोका ओळखून स्वतःला थांबविणें ही एक, आणि धोका ओळखून माणसाला हांक मारणें ही दुसरी. ह्या दोहोंचा धर्म एक नाहीं. कोठें थांबावें, कोठें हांक मारावी, आणि हांक मारलीच तर ती ऐकावयास कोणी आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थांबण्याचा विचार करूं. घरांतील फ्यूजची तार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला म्हणजे ती स्वतः वितळते आणि मागच्या तारा वांचविते. कारखान्यांतील पेटी हेंच काम थोड्या अधिक शहाणपणानें करते. तिच्यापुढील तारा कोठें एकमेकींस चिकटल्या, तर ती प्रवाहाला लगाम घालते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पुष्कळशा पेट्या क्षणभर बंद पडतात, पुन्हा एकदां चांचपून पाहतात, आणि तारा अजून चिकटलेल्याच असल्या तर पुन्हा बंद होतात. दोष दूर झाला कीं त्या आपोआप पूर्ववत् चालूं लागतात.

दुसरा शत्रू उष्णता. पेटींत विजेचा सांठा करणारे जे धारक, म्हणजे कपॅसिटर, असतात, त्यांचें आयुष्य उष्णतामान १० अंशांनीं वाढलें कीं सुमारें निम्म्यावर येतें, असा यंत्रज्ञांचा ठोकळ हिशेब आहे. पंखा अडकला, कपाटाच्या जाळीवर धूळ बसली, किंवा वैशाखांतल्या दुपारीं कारखान्याचें पत्र्याचें छप्पर तापलें, म्हणजे आंतील उष्णतामान चढत जातें, आणि ठरलेल्या मर्यादेस पेटी स्वतःला बंद करते.

तिसरें संकट बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब उतरण्याचें. दाब कमी झाला म्हणजे यंत्र प्रवाहहि कमी ओढील, असें आपणांस सहज वाटतें. परंतु हल्लींच्या पेट्यांचें तसें नाहीं. पुढें द्यावयाची शक्ति तेवढीच असल्यामुळें, दाब जितका घटेल तितका त्या अधिक प्रवाह ओढतात आणि आंतून अधिक तापतात. म्हणून ठराविक दाबाखालीं त्यांनीं काम न करणेंच हिताचें असतें.

चौथें संकट सर्वांत घातक. पेटींतील दाबाचें नियमन करणारा भागच निकामी झाला, तर पुढें जाणारा दाब वाढूं लागतो. येथें वेळ फारच थोडा असतो. पूर्वीच्या गणकयंत्रांतील ५ व्होल्टांवर चालणाऱ्या पुष्कळशा चिपांची सहनशक्ति ७ व्होल्टांपाशीं संपत असे. म्हणजे केवळ दोन व्होल्टांच्या चुकीनें शेंकडों चिपा एकदम जळून जावयाच्या. ह्यावर योजलेल्या उपायाचें इंग्रजी नांव 'क्रोबार', म्हणजे आपली पहार. दाब मर्यादेबाहेर गेला रे गेला, कीं एक विद्युत्-झडप दोन्ही टोकें सरळ एकमेकांस जोडून टाकते. जणूं मध्यें लोखंडी पहारच आडवी टाकली. दाब तत्क्षणीं कोसळतो, फ्यूज उडतो, आणि पेटी मरते. ती स्वतः मरते, पण पुढचीं मोलाचीं उपकरणें वांचतात.

येथें एक फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. तारा चिकटल्यामुळें थांबलेली पेटी आपणहून पुन्हा सुरू होते. दाब वाढल्यामुळें थांबलेली पेटी बहुधा माणूस येईपर्यंत सुरू होत नाहीं. पहिल्या प्रसंगीं दोष बाहेरचा असतो आणि तो गेला कीं नाहीं हें पेटीला कळूं शकतें. दुसऱ्या प्रसंगीं दोष तिच्या स्वतःच्या बुद्धींत शिरलेला असण्याचा संभव असतो; आणि ज्याची बुद्धि बिघडल्याचा संशय आहे, त्याच्याच सांगण्यावरून त्याला पुन्हा कामावर घेणें योग्य नव्हे. म्हणून ती स्वतःस कुलूप घालून बसते, आणि किल्ली माणसाच्या हातीं ठेवते.

एवढ्यावरून कोणास वाटेल कीं, शंका आली कीं थांबावें हाच सर्वत्र शहाणपणा. पण तसें नाहीं. भंगाराच्या आवारांत क्रेनच्या टोकाला मोठा विद्युच्चुंबक लावून लोखंड उचलतात. वीज आहे तोंवर लोखंड चुंबकाला धरून राहतें; वीज गेली कीं सर्व भार खालीं येतो. त्या चुंबकाला वीज देणारें यंत्र, आपल्या तारा तापल्या एवढ्याच कारणास्तव बंद झालें, तर यंत्र वांचेल आणि खालून जाणारा मजूर मरेल. आग विझविणाऱ्या पंपाचीहि हीच गोष्ट. मोटार जळूं नये म्हणून पंप थांबवावयाचा, तर मोटार वांचवून इमारत जाळल्यासारखें होईल. म्हणून विद्युत्-जोडणीचे आंतरराष्ट्रीय नियम अशा जागीं अतिभारानें आपोआप बंद होण्याची सोय गाळावयास मोकळीक देतात, आणि तिच्याऐवजीं अतिभाराची सूचना देणारी घंटा बसविण्याचा विचार करावा, असें सुचवितात. तेथें मोटारीनें प्रसंगीं जळून जावें, पण पाणी देतां येईल तोंवर द्यावें.

म्हणजे प्रत्येक संरक्षक सोयीच्या मुळाशीं एक प्रश्न असतो, आणि तो तांत्रिक नसून मानवी आहे: कोणाला वांचवावयाचें? पेटीला, पेटीपुढील यंत्राला, कीं यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला? ज्यानें हा प्रश्न आधीं विचारला नाहीं, त्याची संरक्षक सोय एखाद्या दिवशीं भलत्यालाच वांचवील.

आतां हांकेकडे वळूं. आपल्या देशांत वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. अर्थात् एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. बाहेरची वीज गेल्यावरहि चांगली पेटी आपल्या पोटांतील सांठ्यावर साधारण तेवढा वेळ, किंवा किंचित् अधिक, तग धरते. डोळ्याची पापणी लवावयास याहून कितीतरी अधिक अवधि लागतो. परंतु वीज गेल्याबरोबर पेटीनें नियंत्रक यंत्राला तशी खूण केली, तर तेवढ्या अल्प काळांत तें यंत्र चालूं असलेलें काम कोठवर आलें होतें याची आपल्या स्मृतींत नोंद करतें, आणि धोक्याच्या आज्ञा मागें घेतें. वीज परत आल्यावर अर्धवट उघडलेली झडप किंवा अर्धवट कापलेला लोखंडी तुकडा कोणत्या स्थितींत आहे, हें त्याला ठाऊक असतें. खूण मिळाली नाहीं, तर तेंच यंत्र अंधारांत जागें झालेल्या माणसाप्रमाणें चांचपडतें.

ही खूण कशी करावी, ह्यांतहि एक मर्म आहे. बिघाड झाला म्हणजे संकेताच्या तारेंत प्रवाह सोडावा, अशी रचना प्रथमदर्शनीं सोपी वाटते. पण ती तार उंदरानें कुरतडली, तर बिघाड होऊनहि खूण पोंचावयाची नाहीं. म्हणून रचना उलट करतात. सर्व ठीक असेपर्यंत तारेंतून प्रवाह अखंड वाहतो, आणि तो खंडित होणें हीच धोक्याची खूण मानतात. मग पेटी बिघडो, तार तुटो, कीं जोड सैल होवो, बातमी पोंचतेच. ही युक्ति आगगाडीच्या सिग्नलांत फार पूर्वीं आली. १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यांनीं रुळांतून अखंड प्रवाह सोडण्याची पद्धति योजिली. गाडी आली, रूळ तुटला, किंवा बॅटरी संपली, तरी सिग्नल धोक्याकडेच झुकावा, हें त्या पद्धतीचें सार. मौनाचा अर्थ 'क्षेम' असा न करतां 'संकट' असा करावयाचा, हा तो नियम.

दुसरें मर्म असें कीं, खुणेनें प्रत्यक्ष वस्तूची स्थिति सांगितली पाहिजे. वस्तूला दिलेल्या आज्ञेची नव्हे. २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यांत थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत मोठा अपघात झाला. तेथील दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि उघडीच अडकून राहिली. नियंत्रणकक्षांतील दिवा मात्र झडप बंद असल्याचें सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेच्या स्थितीशीं नव्हे, तर झडप बंद करण्याच्या आज्ञेशीं जोडलेला होता. आज्ञा गेली होती, पण ती पाळली गेली नव्हती. त्याच वेळीं पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभरांहून अधिक सूचना एकदम वाजूं लागल्या होत्या, आणि त्या गलबल्यांत कोणती महत्त्वाची हें ओळखणें माणसांना अशक्य झालें. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेवाटे पाणी निसटत राहिलें, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

आपल्या पुस्तकाएवढ्या पेटीलाहि हाच नियम लागू पडतो. एकीवर विसंबून राहूं नये म्हणून महत्त्वाच्या ठिकाणीं दोन पेट्या शेजारीं शेजारीं लावतात. दोघींच्या वाटेवर एकेक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनें जाऊं देणारें दार, बसविलेलें असतें. एक पेटी गेली तरी दुसरी सर्व भार उचलते. व्यवस्था उत्तम आहे. पण पहिली पेटी ज्या दिवशीं मरते, त्या दिवशीं कारखान्यांत कांहींच घडत नाहीं. यंत्रें चालतात, माल बाहेर पडतो. महिने लोटतात. मग दुसरी पेटी जाते, आणि दोन पेट्या असूनहि कारखाना बंद कसा पडला, असें सर्वजण एकमेकांस विचारतात. ह्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पेटीची स्वतंत्र खूण असावी, आणि मोजमाप त्या दाराच्या अलीकडे, खुद्द पेटीपाशीं व्हावें. दारापलीकडे मोजलें, तर जिवंत पेटीचाच दाब दिसतो आणि मेलेली पेटी तिच्या आड लपून राहते.

जी गोष्ट एका कपाटांत घडते, तीच देशव्यापी वीजजाळ्यांत घडली म्हणजे तिचें रूप किती विशाल होतें, हें दोन प्रसंगांवरून दिसून येईल. दोन्ही उत्तर अमेरिकेंतले आहेत.

पहिला ९ नोव्हेंबर १९६५ चा. कॅनडांत नायगाराजवळील सर ॲडम बेक वीजकेंद्रांतून उत्तरेकडे जाणाऱ्या तारांपैकीं एका तारेच्या रक्षणासाठीं एक रिले बसविलेला होता. तार अतिभारानें बिघडूं नये म्हणून भार ठराविक मर्यादेपलीकडे जातांच ती तोडावयाची, एवढेंच त्याचें काम. परंतु ती मर्यादा तारेच्या खऱ्या कुवतीहून पुष्कळच खालीं ठेवलेली होती. त्या थंडीच्या सायंकाळीं, ५ वाजून १६ मिनिटांनीं, भार त्या मर्यादेस पोंचला आणि रिलेनें आपलें कर्तव्य केलें. एका तारेचा भार इतर तारांवर पडला, त्याहि एकामागून एक तुटल्या, आणि कांहीं मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारें ३ कोटी लोकांचा वीजपुरवठा बंद पडला. रिलेमध्यें कांहींहि दोष नव्हता. त्याला दिलेल्या आज्ञेकडे मात्र पुन्हा कोणी नीट पाहिलें नव्हतें.

दुसरा प्रसंग १४ ऑगस्ट २००३ चा. ओहायो राज्यांतील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत सूचना देणारी संगणकव्यवस्था दुपारीं सव्वादोनच्या सुमारास बंद पडली. ती बंद पडल्याची सूचना देणारें दुसरें कांहींच नव्हतें. पडदे शांत होते, घंटा वाजत नव्हत्या, आणि कक्षांतील माणसांनीं त्या शांततेचा अर्थ सर्व ठीक आहे असा घेतला. बाहेर मात्र भारानें तापून खालीं झोल खाल्लेल्या तारा झाडांना लागून एकेक करीत तुटत होत्या. शेजारच्या केंद्रांतून दूरध्वनि येत होते. पण समोरचा पडदा शांत असतां दूरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास बसणें कठीण असतें. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास जाळें कोसळलें. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारें ५ कोटी लोकांची वीज गेली.

एका प्रसंगीं थांबविणारें यंत्र अकारण थांबलें. दुसऱ्या प्रसंगीं हांक मारणारें यंत्र मुकें झालें. पहिल्यांत मर्यादा तपासावयास कोणी गेलें नाहीं, आणि दुसऱ्यांत शांतता तपासण्याची व्यवस्था नव्हती. कोणतीहि संरक्षक सोय एकदां बसविली कीं आपले हात मोकळे झाले, ही समजूतच खरी घातक आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. घंटा वारंवार अकारण वाजूं लागली, म्हणजे ती वाजण्याचें कारण शोधण्यापेक्षां ती बंद करणें सोपें असतें. रात्रपाळीच्या माणसाला काम उरकावयाचें असतें, मालाची मागणी उभी असते, आणि दोन तारा जोडून दिल्या कीं घंटा गप्प बसते. सकाळीं पाळी बदलते, ती जोडणी तशीच राहते, आणि नव्या माणसाला तिची कल्पनाहि नसते. अशा वेळीं केवळ त्या रात्रपाळीच्या माणसाला दोष देऊन भागणार नाहीं. खोटी घंटा दुरुस्त करावी म्हणून त्यानें आधीं कितीदां सांगितलें, आणि कोणी ऐकलें काय, हेंहि विचारलें पाहिजे. म्हणून चांगल्या कारखान्यांत कांहीं नियम कसोशीनें पाळतात. जिच्यासरशीं माणसानें कांहीं तरी करावयाचें आहे, अशीच घंटा ठेवावी. नुसती माहिती देणाऱ्या गोष्टी नोंदवहींत जाव्यात. कोणतीहि संरक्षक सोय तात्पुरती बाजूला ठेवावयाची असल्यास, कोणी, केव्हां, कशासाठीं आणि किती वेळ, हें सहीनिशीं लिहावें. यंत्रावरील भार बदलला कीं मर्यादा पुन्हा तपासावी. आणि ठरलेल्या दिवशीं एक पेटी मुद्दाम बंद करून, हांक खरोखरच योग्य कानापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें पाहावें.

हें सर्व कारखान्याचें झालें. पण आपल्या घरांतहि याचें लहानसें रूप आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागीं हाताशीं असलेली जाड तार गुंडाळावयाची आणि 'आतां पुन्हा उडणार नाहीं' असें समाधान मानावयाचें, ही रीत आपल्याकडे अपरिचित नाहीं. ती तार खरोखरच उडत नाहीं. तिच्याऐवजीं भिंतींतील तार तापते. तसेंच, हल्लीं पुष्कळ घरांतील मुख्य फलकावर, विजेची गळती झाली तर पुरवठा तोडणारें एक उपकरण असतें. सुमारें ३० मिलिअँपिअर एवढी थोडी गळतीहि त्याला पुरते, आणि एवढ्यावर तें माणसाचा जीव वांचवूं शकतें. त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' असें लिहिलेलें एक छोटें बटण असतें. तें ठराविक मुदतीनें दाबून पाहावें, असें उपकरणासोबतच्या सूचनापत्रकांत सांगितलेलें असतें. दाबल्यावर वीज गेली, तर उपकरण जागें आहे. न गेली, तर तें केवळ शोभेचें आहे, आणि तें त्याच दिवशीं जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावें.

आपल्यापैकीं कितीजणांनीं तें बटण आजवर दाबून पाहिलें आहे, हें मी विचारीत नाहीं. घरांतील कोणाचें अन्न गरम होत नसेल, कोणी पाळण्याजवळ पंखा लावून बसलेलें नसेल, अशी सोईची वेळ पाहून उद्यां तें एकदां दाबावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.